एलईडी, मल्टिमीटर आणि आलेखाचा कागद: प्रकाशकणाची ऊर्जा घरच्या घरी कशी मोजायची

कैरी पाडायची असेल तर मूठमूठ वाळू भिरकावून उपयोग नसतो. पोतंभर वाळू संपली तरी देठ जागचा हलत नाही. एक बेताचा दगड नेमका बसला की काम होतं. प्रकाश एखाद्या पदार्थावर पडतो तेव्हा तिथेही हाच हिशोब चालतो. प्रकाश कणाकणाने येतो. एकेका कणात किती ऊर्जा आहे हे त्याच्या वारंवारतेवर, म्हणजे रंगावर ठरतं. दिवा किती प्रखर आहे यावरून कळते ती फक्त कणांची संख्या. लाल दिवा हवा तितका भडक करा, त्यातला एकेक कण निळ्या कणापेक्षा हलकाच राहतो.

बारावीच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं: कणाची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता. ही ओळ पाठ होते, परीक्षेत लिहिली जाते आणि विसरली जाते. मला ते फार लागतं, कारण हा स्थिरांक, म्हणजे विश्वाचा एक मूलभूत आकडा, दीडदोनशे रुपयांच्या सुट्या भागांतून आपल्या टेबलावर काढता येतो. दोन संध्याकाळी पुरतात. आठवी-नववीतलं मूल सोबत असेल तर फारच छान.

आधी हिशोबाची दोन सूत्रं वहीत लिहून ठेवा, पुढे सतत लागतील. तरंगलांबी, म्हणजे प्रकाशलहरीच्या दोन शेजारच्या शिखरांमधलं अंतर, नॅनोमीटरमध्ये (मीटरच्या अब्जाव्या भागात) असेल, तर ३,००,००० ला तिने भागलं की वारंवारता टेराहर्ट्झमध्ये (सेकंदाला एक लाख कोटी कंपनं) मिळते. आणि १२४० ला तिने भागलं की एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. (एक व्होल्टची बॅटरी एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा देते तो एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.) म्हणजे ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश ४७६ टेराहर्ट्झचा, आणि त्याच्या एका कणाची ऊर्जा १.९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ४७० नॅनोमीटरचा निळा ६३८ टेराहर्ट्झचा, ऊर्जा २.६४. ‘तानापिहिनिपाजा’ आपण लहानपणी घोकलं, ती खरं तर चढत्या ऊर्जेची यादी आहे: तांबड्याचा कण सगळ्यांत हलका, जांभळ्याचा सगळ्यांत दणकट.

पहिली संध्याकाळ: अंधारात चमकणारा तारा

मोजमापाआधी एकदा डोळ्यांनी बघून घ्या. मुलांच्या खोलीत छतावर चिकटवतात ते अंधारात हिरवट चमकणारे तारे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. गाड्यांच्या नंबरप्लेटवरच्या ज्या पट्ट्यांना आपण ‘रेडियम’ म्हणतो त्या घेऊ नका. त्या फक्त पडलेला प्रकाश परत फेकतात, स्वतः चमकत नाहीत.

तारा एखाद्या डब्यात घालून रात्रभर बंद ठेवा, म्हणजे आधीची चमक पूर्ण उतरेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत मिट्ट अंधार करा आणि पाच मिनिटं डोळे सरावू द्या. मग लाल एलईडी ताऱ्याला अगदी टेकवून दोन-तीन मिनिटं पेटता ठेवा. बाजूला घ्या. तारा काळाच्या काळाच. आता दोन लाल एलईडी एकदम लावा, वेळ दुप्पट करा. फरक पडत नाही. मग निळा किंवा जांभळा एलईडी फक्त एक सेकंद टेकवा. तो उचलला की त्याच्या तोंडाएवढा गोल, लख्ख ठिपका ताऱ्यावर मागे राहिलेला दिसतो. जांभळा एलईडी पेनासारखा धरून ताऱ्यावर अक्षरंही लिहिता येतात.

ताऱ्यातल्या पदार्थाला चेतवण्यासाठी एका कणाकडून ठरावीक ऊर्जा एकदम मिळावी लागते. लाल कणापाशी ती नसते, आणि दोन लाल कण आपली ऊर्जा एकत्र करून देऊ शकत नाहीत. धातूंच्या बाबतीत हेच कोडं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलं होतं. १८८७ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झला दिसलं की अतिनील प्रकाश पडला की धातूच्या गोळ्यांमधली ठिणगी सहज उडते. १९०२ मध्ये लेनार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की प्रकाश प्रखर केला तर धातूतून जास्त इलेक्ट्रॉन सुटतात, पण एकेका इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढत नाही. प्रकाश म्हणजे निव्वळ लाट, एवढ्यावर याचा अर्थ लागत नव्हता. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तो लावला: प्रकाशाची ऊर्जा पुड्यापुड्यांनी येते आणि पुड्याचं माप वारंवारतेवर ठरतं. त्यातला स्थिरांक तोच, जो मॅक्स प्लांकने तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हिशोब जुळवताना १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मांडला होता.

सामान

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, किंवा ऑनलाइन, सगळं सुटं मिळतं. ५ मिलिमीटरचे एलईडी घ्या: अवरक्त (९४० नॅनोमीटर, टीव्हीच्या रिमोटमधला), लाल, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा (३९५ ते ४०५ नॅनोमीटर, दुकानदार त्याला ‘यूव्ही’ म्हणतात). प्रत्येकी दोन-तीन घ्या. ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची टोपी, छोटा ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी), १ किलोओहम, १० किलोओहम आणि १०० किलोओहमचे एकेक रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारे रोधक), आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. १०० किलोओहमच्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा, पिवळा असे पट्टे असतात. पाच पट्ट्यांचा असेल तर मीटरवर मोजून खात्री करा. हाताशी आलेखाचा कागद, पारदर्शक पट्टी आणि एक टाकाऊ सीडी ठेवा.

एलईडी घेताना दोन गोष्टी सांभाळा. पांढरा एलईडी नको, कारण तो मुळात निळा असतो. त्याच्यावरचा पिवळा लेप निळ्याचा काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. गुलाबी वगैरे शोभेच्या रंगांतही बहुधा अशीच मिसळ असते. दुसरं म्हणजे हिरवा दोन जातींचा येतो: जुना, पोपटी झाक असलेला साधारण ५७० नॅनोमीटरचा, आणि पारदर्शक काचेचा लखलखीत हिरवा, साधारण ५२५ नॅनोमीटरचा. आपल्याला दुसरा हवा. दोन्ही मिळाले तर दोन्ही मोजा. नावाने दोघेही हिरवे, पण मीटर त्यांना वेगळं ओळखतो.

जांभळ्या एलईडीत सरळ डोळा घालून बघू नका. तो डोळ्याला मंद वाटतो म्हणून बाहुली आवळत नाही आणि प्रकाश मात्र आत जात राहतो. मुलांना हे आधी सांगा, मग एलईडी हातात द्या.

जोडणी आणि वाचन

बॅटरीच्या प्लसकडून १०० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला एलईडीचा लांब पाय, आखूड पाय बॅटरीच्या मायनसला. एवढंच सर्किट. रेझिस्टर विसरून एलईडी थेट बॅटरीला जोडला तर एक झगझगीत क्षण दिसतो आणि जळकट वास येतो. माझा पहिला निळा एलईडी असाच गेला, तेव्हापासून मी रेझिस्टर आधी खोचतो आणि एलईडी सगळ्यांत शेवटी.

या जोडणीतून साधारण ६५ ते ८० मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह जातो, नेहमीच्या वापराच्या जवळजवळ तीनशेव्या हिश्श्याएवढा. तरी निळा आणि हिरवा बऱ्यापैकी उजळलेले दिसतात. लाल मंद वाटला तर हाताची ओंजळ करून आडोशाने बघा. अवरक्त डोळ्यांना दिसणारच नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून, खोलीत अंधार करून, फिकट जांभळा ठिपका शोधा.

आता मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही प्रोब एलईडीच्या दोन पायांना लावा. बॅटरीला नव्हे, रेझिस्टरलाही नव्हे. एलईडीवरचा हा व्होल्टेज त्याच्या एका प्रकाशकणाच्या ऊर्जेच्या जवळपास असतो, का ते पुढे येईल. आकडा स्थिरावायला दहाएक सेकंद द्या, लिहून घ्या, एलईडी बदला. एका रंगाचे दोन-तीन एलईडी मोजून सरासरी घ्या. सुरुवातीला मोजलेला लाल शेवटी पुन्हा मोजा. दोन वाचनांत फरक आला तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा बॅटरी उतरली आहे.

एवढा कमी प्रवाह मुद्दाम घेतला आहे. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृतींमध्ये एलईडी ‘नुकताच पेटतो’ तेव्हाचा व्होल्टेज डोळ्यांनी ठरवायला सांगतात. मला ती पद्धत पटत नाही. आपल्या डोळ्याला हिरवा फार चटकन दिसतो, गडद लाल आणि जांभळा उशिरा दिसतात. म्हणजे त्या आकड्यात एलईडीबरोबर आपला डोळाही मोजला जातो. एकच रेझिस्टर ठेवला की सगळ्या रंगांतून जवळपास सारखाच प्रवाह जातो आणि डोळ्याचा संबंध उरत नाही. प्रवाह जास्त घेतला तर एलईडीच्या आतला रोध व्होल्टेजमध्ये स्वतःची भर घालतो.

तरंगलांबी पाकिटावरून घ्या किंवा सीडीने मोजा

पाकिटावर किंवा विक्रीच्या पानावर तरंगलांबी दिलेली असते. पण सुटे एलईडी घेतले तर ती नेमकी कुणाला माहीत नसते, म्हणून मोजायला शिकून ठेवा. सीडीवरच्या चक्राकार रेघा एकमेकींपासून १६०० नॅनोमीटर अंतरावर असतात. सीडीच्या छापील बाजूवर ब्लेडने एक ओरखडा काढा, त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. चंदेरी थर पट्टीबरोबर निघून येतो आणि खाली स्वच्छ पारदर्शक चकती उरते. कडेकडचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कात्रीने कापा. कडा धारदार होतात, त्यांवर चिकटपट्टी लावा.

भिंतीवर आडवी पट्टी लावून तिच्या मधोमध एलईडी बसवा. यासाठी १ किलोओहमचा रेझिस्टर वापरा, उजेड जास्त हवा. सीडीचा तुकडा डोळ्यासमोर असा धरा की त्यातल्या रेघा उभ्या येतील, आणि तुकडा पट्टीपासून बरोबर ३० सेंटिमीटरवर ठेवा. एलईडीच्या दोन्ही बाजूंना त्याची रंगीत सावली पट्टीवर तरंगताना दिसेल. दुसऱ्या कुणाला तरी पट्टीवरून पेन्सिल सरकवायला सांगा, आणि पेन्सिल सावलीच्या सर्वांत उजळ भागावर आली की थांबवा. लाल सावली मध्यापासून १२.९ सेंटिमीटरवर आली, असं समजा. १२.९ आणि ३० बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण येतो ३२.७. आता १६०० गुणिले १२.९ भागिले ३२.७, म्हणजे सुमारे ६३१ नॅनोमीटर. निळ्याची सावली ९.२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मध्याच्या जास्त जवळ येते. मोजपट्टीवर मिलिमीटर मोजून प्रकाशाची लांबी काढता येते, याचा आनंद मला अजूनही ओसरलेला नाही.

आलेख

खाली दिलेले आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचेही साधारण याच घरात येतील.

अवरक्त: ९४० नॅनोमीटर, ३१९ टेराहर्ट्झ, ०.९८ व्होल्ट
लाल: ६३० नॅनोमीटर, ४७६ टेराहर्ट्झ, १.६२ व्होल्ट
पिवळा: ५९० नॅनोमीटर, ५०८ टेराहर्ट्झ, १.७२ व्होल्ट
हिरवा: ५२५ नॅनोमीटर, ५७१ टेराहर्ट्झ, २.२२ व्होल्ट
निळा: ४७० नॅनोमीटर, ६३८ टेराहर्ट्झ, २.४६ व्होल्ट
जांभळा: ४०० नॅनोमीटर, ७५० टेराहर्ट्झ, २.८० व्होल्ट

आडव्या अक्षावर वारंवारता, १ सेंटिमीटरला ५० टेराहर्ट्झ. उभ्या अक्षावर व्होल्टेज, १ सेंटिमीटरला ०.२ व्होल्ट. उभा अक्ष शून्याच्या खालीही तीन-चार सेंटिमीटर जाऊ द्या. सहा ठिपके मांडा आणि पारदर्शक पट्टी अशी ठेवा की काही ठिपके रेषेच्या वर, काही खाली, पण एकूण तोल सारखा राहील. रेषा आखा. आता रेषेवरचेच दूरदूरचे दोन बिंदू निवडा, ठिपके नव्हेत, आणि व्होल्टेजमधल्या फरकाला वारंवारतेतल्या फरकाने भागा. नमुन्याच्या आकड्यांवरून चढ येतो सुमारे ०.००४४ व्होल्ट प्रति टेराहर्ट्झ.

या चढाला १६०२ ने गुणा. ७.०५ आलं. इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि टेराहर्ट्झमधली शून्यं त्या १६०२ मध्ये आधीच सामावलेली आहेत, म्हणून उत्तर थेट प्लांकच्या स्थिरांकाच्या पुढच्या अंकांत येतं. खरी किंमत ६.६२६ (त्यापुढे गुणिले १० चा उणे ३४ वा घात, ज्यूल-सेकंदात). आपण ६ टक्क्यांनी चुकलो. घरच्या सामानावर १० ते १५ टक्क्यांच्या आत आलात तरी प्रयोग चांगला जमला म्हणायचा.

दोनच एलईडीवर कधी थांबू नका. वरच्याच आकड्यांत फक्त लाल आणि निळा घेतले तर उत्तर ८.३ येतं, २५ टक्के जास्त. लाल, पिवळा एका जातीच्या अर्धवाहकाचे असतात, तर हिरवा, निळा, जांभळा दुसऱ्या जातीचे. दोन्ही जातींचं वागणं थोडं वेगळं असल्याने ठिपके एका रेषेत अगदी शिस्तीत बसत नाहीत. अवरक्तापासून जांभळ्यापर्यंतचा लांब पल्ला ही गडबड बरीचशी पोटात घेतो. म्हणूनच अवरक्त डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याला गाळू नका.

रेषा शून्यातून का जात नाही

हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला नाही तर आपण विचारायचा. एलईडीत इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली उतरतो आणि त्या उतरण्याची ऊर्जा एका प्रकाशकणाच्या रूपात बाहेर पडते. मग लाल कण १.९७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असताना बॅटरीकडून त्याला १.६२ व्होल्टच कसे पुरले? उरलेलं कुठून आलं?

ते खोलीच्या उबेतून आलं. प्रवाह अगदी थोडा असेल तेव्हा उष्णतेने आधीच वर ढकलले गेलेले मोजके इलेक्ट्रॉनही पुरे पडतात, आणि बॅटरीला तेवढा कमी जोर लावावा लागतो. ही सूट सगळ्या रंगांना साधारण सारखीच मिळते, म्हणून रेषा सगळीच्या सगळी खाली सरकते आणि उभ्या अक्षाला शून्याखाली, नमुन्याच्या आकड्यांत उणे ०.४ व्होल्टच्या आसपास छेदते. म्हणून एकट्या एलईडीचा व्होल्टेज वारंवारतेने भागून स्थिरांक काढायला जाऊ नका. लाल एलईडीवरून तसा काढला तर उत्तर ५.४५ येईल, १८ टक्के कमी. रंगाची गोष्ट चढ सांगतो, उंची नाही.

उबेचा हा हातभार प्रत्यक्ष बघता येतो. लाल एलईडी लावा, मीटर २००० मिलिव्होल्टवर घ्या आणि एलईडीची फक्त प्लॅस्टिकची टोपी दोन बोटांच्या चिमटीत धरा, पायांना स्पर्श न करता. आकडा मिलिव्होल्ट-मिलिव्होल्टने खाली उतरू लागतो. बोटं सोडली, फुंकर घातली की परत चढतो. थंडीच्या दिवसांत सकाळी हे अधिक ठळक दिसतं.

रॉबर्ट मिलिकन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा आलेख दिसायला असाच होता. निर्वात काचपात्रात सोडियम, लिथियम यांसारख्या धातूंवर वेगवेगळ्या वारंवारतेचा प्रकाश पाडून, सुटणारे इलेक्ट्रॉन थोपवायला किती व्होल्ट लागतात ते तो मोजत होता. धातूचा पृष्ठभाग हवेने खराब होतो, म्हणून पात्राच्या आतच तो खरवडून ताजा करण्याची सोय त्याने केली होती. आइन्स्टाइनची प्रकाशकणाची कल्पना त्याला स्वतःला मान्य नव्हती, तरी वर्षानुवर्षं मोजमाप करून आलेली सरळ रेषा त्याने तशीच छापली. त्याची किंमत आजच्या किमतीच्या १ टक्क्याच्या आत होती. त्याच्याही आलेखात रेषा अक्षाला कुठे छेदते ते धातूवर ठरत होतं, आणि चढ मात्र धातू बदलला तरी तोच.

१२४० चा उपयोग इतरत्र

एकदा हात बसला की हा भागाकार पुष्कळ शंका सोडवतो. उन्हाने कातडी भाजते ती ३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील कणांनी, एकेकाची ऊर्जा ४.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रेणूंमधले बंध तोडायला असेच काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर येणार म्हटलं की बैठकीत ‘रेडिएशन’ शब्द निघतो. १ गिगाहर्ट्झच्या लहरीचा एक कण ३० सेंटिमीटरच्या तरंगलांबीचा असतो आणि त्याची ऊर्जा ४ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे त्या अतिनील कणाच्या दहालाखाव्या भागाएवढी. असे कितीही कण आले तरी ते वाळूचेच. ते तापवू शकतात, आणि टॉवरच्या मर्यादा ठरवताना त्या तापण्याचाच विचार करायचा असतो.

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. हायड्रोजनचे अणू सोडतात ती १४२० मेगाहर्ट्झची लहर तिला ऐकू येते. त्या लहरीचा एक कण ५.९ मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. तुमच्या ब्रेडबोर्डवरच्या निळ्या एलईडीतून सुटणारा एकच कण असल्या साडेचार लाख कणांना भारी पडेल. इतक्या हलक्या कणांची बारीक कुजबुज गोळा करायची, म्हणून तिथे एवढ्या मोठ्या तबकड्या लागतात.

आणखी एक फेरी

आलेख झाला की सामान आवरू नका. १०० किलोओहम काढून १० किलोओहम लावा आणि सहाही एलईडी पुन्हा मोजा. प्रवाह दहापट झाला, सगळे दिवे आधीपेक्षा लख्ख झाले. नवे ठिपके त्याच कागदावर वेगळ्या रंगाच्या पेनने मांडा. सगळे थोडे वर सरकतील, साधारण दशांश व्होल्टच्या आसपास, आणि नवी रेषा जुनीला जवळजवळ समांतर जाईल. दुसऱ्या रेषेचा चढही १६०२ ने गुणून पहिल्या उत्तराशेजारी लिहा, दोन्ही फेऱ्यांची तारीख आणि खोलीचं तापमान कोपऱ्यात नोंदवा, आणि कागद जपून ठेवा. मे महिन्यात पुन्हा मोजाल तेव्हा शेजारी ठेवायला लागेल.